देवदत्ताच्या घरावरचा कावळा

पतंजलीच्या महाभाष्यात एक छोटा दृष्टान्त आहे. कुणीतरी विचारतो, देवदत्ताचे घर कोणते? उत्तर मिळते, तो कावळा बसला आहे ना, ते. थोड्या वेळाने कावळा उडून जातो, आणि मग घर हरवते. खुणेवरून वस्तू ओळखायची आणि खूणच नाहीशी व्हायची, अशी ही अडचण आहे. त्यावर भाष्यात उत्तरही आहे: कावळा उडाला तरी ती जागा एकदा कळलेली असते.

व्याकरणाच्या ग्रंथात हा कावळा आला तो प्रत्ययांना जोडलेल्या खुणांच्या निमित्ताने. ‘क्त’ या प्रत्ययातला क् रूप सिद्ध करताना गळून पडतो, उरतो नुसता ‘त’. मग हा त कोणता, हे पुढे कसे ओळखायचे? दोन हजारांहून अधिक वर्षांनी अगदी याच प्रश्नावर संगणकभाषा घडवणाऱ्यांनी महिनोन्‌महिने वाद घातले. त्यांना या कावळ्याची माहिती असण्याचे कारण नव्हते.

आपल्याकडे हे दोन्ही प्रश्न एकमेकांपासून काही किलोमीटरांवर राहतात. सांताक्रूझ पूर्वेला, कालिन्याला, मुंबई विद्यापीठाच्या आवारात संस्कृतचा विभाग आहे. तेथून उत्तरेला गेले की सीप्झ लागते. १९७३ साली स्थापन झालेल्या या निर्यात क्षेत्राच्या नावातले पहिले अक्षर सांताक्रूझचे आहे, जागा मात्र अंधेरीची. हार्डवेअरसाठी आखलेल्या त्या आवारात पुढे सॉफ्टवेअरच्या कचेऱ्या भरल्या. कालिन्यात ज्याला ‘अनुबंध’ म्हणतात त्याला सीप्झमध्ये ‘ॲनोटेशन’ म्हणतात. या दोन शब्दांमागची गरज एकच आहे, आणि ती भागवण्यासाठी निवडलेल्या काही खुणा टिकल्या, काही नष्ट झाल्या. त्या का टिकल्या आणि का नष्ट झाल्या, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

गरज कोणती?

संगणकाच्या आज्ञावलीत दोन प्रकारची विधाने लागतात. पहिली, काम करणारी: ही संख्या त्या संख्येत मिळव, हा मजकूर पडद्यावर दाखव. दुसरी, त्या विधानांविषयीची विधाने: हे फंक्शन आता जुने झाले आहे, वापरू नका, हे फक्त चाचणीसाठी आहे, हे अमुक तक्त्यात साठवायचे आहे. दुसऱ्या प्रकारची विधाने स्वतः काही काम करत नाहीत. पण कंपायलरला किंवा अन्य साधनांना ती वाचता यायला हवीत, आणि मूळ मजकुरात मिसळून त्यांनी गोंधळही करता कामा नये.

पाणिनीपुढे, म्हणजे सर्वसाधारण मतानुसार इसवी सनापूर्वीच्या पाचव्या-चौथ्या शतकात, हीच गरज होती. ‘कृ’ धातूला त लागून ‘कृत’ होते, तृ लागून ‘कर्तृ’ होते आणि अ लागून ‘कार’ होतो. धातूतला ऋ एकदा तसाच राहिला, एकदा अर् झाला, एकदा आर् झाला. प्रत्येक प्रत्ययाच्या वर्तनाचा वेगळा नियम सांगत बसायचे तर ग्रंथ अफाट झाला असता. म्हणून पाणिनीने प्रत्ययांना खुणा जोडल्या. क्त मधला क् सांगतो, येथे गुण होऊ देऊ नका. घञ् मधला ञ् सांगतो, वृद्धी करा. त्याच घञ् मधला घ् सांगतो, शेवटच्या चवर्गाचा कवर्ग करा. म्हणूनच पच् पासून ‘पाक’ होतो आणि आपला स्वयंपाक सिद्ध होतो. रूप तयार झाले की या खुणा लोपतात. पाणिनी त्यांना ‘इत्’ म्हणतो. नंतरचे वैयाकरण ‘अनुबंध’ म्हणतात. ऋणानुबंध या शब्दामुळे मराठी वाचकाला तो परका नाही. मागून बांधलेले ते अनुबंध.

या खुणा किती दूरवरचे काम करतात याचा एक नमुना आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. धातुपाठात ‘करणे’ या अर्थाचा धातू नुसता कृ असा दिलेला नाही, ‘डुकृञ्’ असा दिला आहे. शेवटचा ञ् सांगतो की हा धातू परस्मैपद आणि आत्मनेपद दोन्ही घेतो. आरंभीचा डु सांगतो की याला क्त्रि हा प्रत्यय लागू शकतो. तो लागून आणि पुढे म येऊन जो शब्द झाला, तो ‘कृत्रिम’. हा डु ना उच्चारात उरला ना लेखनात. त्याचे काम तेवढे उरले आहे.

मोकळे चिन्ह कुठून आणायचे?

खूण म्हणून काय वापरायचे, हा पुढचा प्रश्न. खुणेचे चिन्ह मूळ मजकुरात इतरत्र वापरात असेल तर घोटाळा होतो. पाणिनीकडे खुणांसाठी वेगळी वर्णमाला नव्हती. भाषेचे जे ध्वनी, तेच खुणांचे ध्वनी. त्यामुळे कोणत्या जागी कोणता वर्ण खूण समजायचा, हे नियमांनी ठरवणे भाग होते. अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात, दुसऱ्यापासून आठव्या सूत्रापर्यंत, हे ठरवले आहे, आणि नवव्यात लोप सांगितला आहे.

या सात सूत्रांत अपवाद आहेत, आणि ते का आले हे पाहण्यासारखे आहे. उपदेशातले शेवटचे व्यंजन इत् असते असा सामान्य नियम. पण विभक्तिप्रत्ययांच्या शेवटचे स्, म् आणि तवर्ग यांना तो लागू नाही. कारण तेथले स् आणि म् खरेखुरे आहेत, ते रूपात उरायला हवेत. प्रथमेच्या अनेकवचनाचा ‘जस्’ घ्या. आरंभीचा ज् खूण म्हणून जातो, शेवटचा स् राहतो. तसेच प्रत्ययाच्या आरंभीचे ल्, श् आणि कवर्ग इत् असतात, पण तद्धित प्रत्ययांत नाही. म्हणून ‘कृत’ मधल्या क्त चा क् लोपतो, आणि ‘बालक’ मधला तद्धित क जागेवर राहतो. वर्ण तोच, जागेवरून त्याची जात ठरते.

२००३-०४ मध्ये पायथन या भाषेत नेमका हाच पेच पडला होता. तोवर एखाद्या फंक्शनला खूण करायची तर ते संपूर्ण लिहून झाल्यावर खाली वेगळी ओळ लिहावी लागे, आणि त्यात फंक्शनचे नाव पुन्हापुन्हा येई. शंभर ओळींचे फंक्शन असेल तर त्याचे स्वरूप वाचकाला शंभराव्या ओळीनंतर कळायचे. खूण आरंभी हवी यावर बरेचसे एकमत होते, पण चिन्हावर नव्हते. एक सूचना होती चौकटी कंसांची. मायक्रोसॉफ्टने २००० साली जाहीर केलेल्या सी-शार्प भाषेत ते आधीच होते. पण पायथनमध्ये चौकटी कंस म्हणजे यादी. फंक्शनच्या वरच्या ओळीत एक यादी लिहिणे तेव्हाही व्याकरणशुद्ध होते. यंत्र ती यादी तयार करी आणि टाकून देई. त्याच लिखाणाला आता वेगळा अर्थ द्यायचा, तर ‘बालक’ मधला क आणि ‘क्त’ मधला क् असा भेद करत बसावे लागले असते. फंक्शनच्या कंसापुढे खुणा लिहाव्यात, नवा शब्द योजावा, अशाही सूचना होत्या. अखेर गीडो व्हान रॉसमने @ हे चिन्ह निवडले. पायथनमध्ये ते तोवर कशासाठीच वापरलेले नव्हते, हे त्याचे मोठे बळ. ऑगस्ट २००४ मध्ये चाचणी-आवृत्तीत ते आले तेव्हा पुष्कळांनी नाके मुरडली. विरोधकांनी एकत्र येऊन पर्यायी प्रस्तावही दिला. तो नाकारला गेला आणि नोव्हेंबर २००४ च्या २.४ आवृत्तीत @ कायम झाले.

पुढची गंमत अशी की २०१५ मध्ये त्याच भाषेत @ हेच चिन्ह सारणींच्या गुणाकारासाठीही घेतले गेले. घोटाळा झाला नाही, कारण ओळीच्या आरंभीचे @ वेगळे आणि दोन पदांमधले वेगळे. मोकळे चिन्ह फार काळ मोकळे राहत नाही. शेवटी जागेचा नियमच कामी येतो.

असा नियम पुरा पडला नाही तर काय होते, याचे उदाहरणही पाणिनीच्या परंपरेतच आहे. वर्णसमूहांना आटोपशीर नावे देण्यासाठी जी चौदा सूत्रे आहेत, त्यांपैकी पहिल्याच्या शेवटी ण् ही खूण येते आणि सहाव्याच्या शेवटी पुन्हा ण्. त्यामुळे ‘अण्’ म्हटले की पहिल्या ण् पर्यंतचे वर्ण घ्यायचे की दुसऱ्या, असा संशय उरतो. इतकी व्यंजने असताना आचार्यांनी तीच खूण दोनदा का वापरावी, असा प्रश्न पतंजलीनेच केला आहे. त्याचे तात्पर्य असे की संशय आला म्हणून नियम निकामी होत नाही. विशेष अर्थ व्याख्यानावरून, म्हणजे जाणकारांनी केलेल्या स्पष्टीकरणावरून, समजून घ्यायचा. काशीत स्थायिक झालेल्या महाराष्ट्रीय काळे घराण्यातल्या नागेशभट्टाने अठराव्या शतकात ‘परिभाषेन्दुशेखर’ लिहिला, तेव्हा हीच परिभाषा त्याने अग्रभागी ठेवली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवणाऱ्या फ्रान्झ कीलहॉर्नने तो ग्रंथ १८६८ पासून मुंबई संस्कृत मालेत संपादून प्रसिद्ध केला आणि पुढे इंग्रजीत उतरवला. नंतर काशिनाथ वासुदेव अभ्यंकरांनी भांडारकर संस्थेतर्फे त्याची नवी आवृत्ती सिद्ध केली. संशयाच्या जागी माणूस उभा करण्याची सोय पाणिनीच्या परंपरेला होती. कंपायलरला ती नाही.

ज्या खुणा हरवल्या

आतापर्यंत ज्या खुणा पाहिल्या त्या व्यंजनांच्या. पाणिनीने आणखी दोन प्रकारच्या खुणा वापरल्या होत्या, आणि त्यांची कथा दुःखद आहे.

पहिली, स्वराचे अनुनासिकत्व. उपदेशातला अनुनासिक स्वर इत् समजावा, असे इत्-प्रकरणाचे पहिलेच सूत्र सांगते. दुसरी, स्वरित. अधिकारसूत्र, म्हणजे ज्याचा अंमल पुढच्या अनेक सूत्रांवर चालतो असे सूत्र, स्वरित या आघाताने ओळखावे, असे त्याच पादातले अकरावे सूत्र सांगते. दोन्ही योजना अतिशय काटकसरीच्या आहेत. एक अक्षरही खर्ची पडत नाही. उच्चारात किंचित फरक केला की झाले. लाघवाची एवढी आस असलेल्या ग्रंथात याहून चांगली खूण कोणती असणार?

पण आज आपल्या हाती असलेल्या अष्टाध्यायीच्या पाठात ना ते अनुनासिक स्वर आहेत, ना ते स्वरित. सूत्रे एकाच सुरात म्हटली जातात. कोणता स्वर अनुनासिक होता, कोणते पद स्वरित होते, हे केवळ परंपरा सांगते म्हणून मानायचे, असे काशिकाकारांपासून भट्टोजी दीक्षितापर्यंत सर्वांनी स्वच्छपणे मान्य केले आहे. एखाद्या अधिकाराचा अंमल कुठे संपतो यावर टीकाकारांत मतभेद दिसतात, त्यांतल्या काहींचे मूळ येथे आहे. व्यंजनांच्या खुणा मात्र शाबूत राहिल्या. घञ् मधला ञ् कुणी गाळला नाही, कारण तो गाळला तर सूत्राचा शब्दच बदलतो आणि पाठ करणाऱ्याला ते खटकते. सूर सपाट झाला तर शब्द तेच राहतात, आणि कुणाला काही खटकत नाही.

जो थर वाहून नेणाऱ्याला अर्थहीन वाटतो, त्या थरावर लिहिलेली खूण टिकत नाही. मला या साऱ्या इतिहासातून निघणारी मुख्य गोष्ट ही वाटते. आणि संगणकभाषांनी ती नव्याने, स्वतःच्या नुकसानीतून शिकली.

संगणकभाषांतला असा थर म्हणजे कॉमेंट. माणसासाठी लिहिलेला, यंत्राने वगळायचा मजकूर. नवी खूण हवी आणि व्याकरण बदलायचे नाही, तर ती कॉमेंटमध्ये लिहा, ही युक्ती सर्वांना सुचते. जावामध्ये माहितीपुस्तिका तयार करण्यासाठी कॉमेंटमध्ये @ लावून शब्द लिहिण्याची प्रथा होती. त्यांपैकी ‘हे आता वापरू नका’ अशा अर्थाची खूण १९९७ च्या सुमारास कंपायलरही वाचू लागला. जे वगळायचे तेच वाचायचे, अशी ही विसंगती. पुढे त्याच कॉमेंटमधल्या खुणांवरून संपूर्ण फायली निर्माण करणारी साधने निघाली. यात शुद्धलेखनाची चूक झाली तर कंपायलर गप्प. त्याच्या लेखी ती कॉमेंटच. जॉशुआ ब्लॉकच्या पुढारीपणाखाली तज्ज्ञांच्या गटाने यावर काम केले आणि सप्टेंबर २००४ मध्ये जावा ५ मध्ये तेच @ कॉमेंटमधून उचलून व्याकरणात आणले. आता चुकीचे नाव लिहिले की कंपायलर अडवतो.

पीएचपी या भाषेत तर अष्टाध्यायीतल्या स्वरितासारखाच प्रकार घडला. तेथेही खुणा कॉमेंटमध्ये लिहिल्या जात आणि मोठमोठ्या प्रणाली त्यांवर चालत. पण त्या भाषेची गती वाढवणाऱ्या एका घटकात, स्मृती वाचवण्यासाठी कॉमेंट टाकून देण्याची सोय होती. ती सोय चालू केली की खुणांवर अवलंबून असलेल्या प्रणाली बंद पडू शकत. अधिकृत माहितीतच तसा इशारा दिलेला आहे. शब्द सारे जागेवर, फक्त सूर सपाट. २०२० मध्ये पीएचपीने खुणांना व्याकरणात जागा द्यायचे ठरवले. @ तेथे त्रुटी दडपण्याच्या ऑपरेटरसाठी आधीच गुंतलेले. मग एका वर्षात तीनदा मतदान झाले. आधी दुहेरी कोनकंस मंजूर झाले, मग दुहेरी @, आणि अखेर #[ ] हे रूप ठरले. या शेवटच्या निवडीत एक शहाणपण आहे. # ने त्या भाषेत कॉमेंट सुरू होते. त्यामुळे एका ओळीतली अशी खूण जुन्या आवृत्तीला कॉमेंट वाटते, नवीला खूण.

पायथननेही हाच प्रवास पुन्हा केला. २०१५ च्या आवृत्तीत चलांचे प्रकार कॉमेंटमध्ये लिहिण्याची पद्धत होती, २०१६ मध्ये त्यांना व्याकरणात स्थान मिळाले.

कावळा घराचा की बाहेरचा?

खूण वस्तूचा भाग असते की वस्तूबाहेरची, हाही प्रश्न नागेशाने सोडलेला नाही. अनुबंध हे अवयव नव्हेत, असा एक पक्ष. ते अवयवच होत, असा दुसरा. परिभाषेन्दुशेखरात दोन्ही परिभाषा लागोपाठ येतात. वरवर पाहता हा शब्दच्छल वाटतो. पण एखाद्या प्रत्ययाचे वर्ण मोजून नियम लावायचा असेल तर खूण मोजायची की नाही, हे ठरवावेच लागते. जावाच्या रचनाकारांनाही ते ठरवावे लागले. तेथे प्रत्येक खुणेची मुदत सांगता येते: मूळ लिखाणापुरती, कंपायलरने घडवलेल्या फायलीत राहणारी पण चालताना न दिसणारी, किंवा आज्ञावली चालू असतानाही उपलब्ध असणारी. कावळा केव्हा उडू द्यायचा, हे ठरवण्याची ही सोय आहे.

अशी साम्ये दाखवली की काहींना लगेच स्फुरण चढते. १९८५ साली रिक ब्रिग्जचा संस्कृत आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवरचा लेख आला, तेव्हापासून ‘संगणकाला संस्कृतच योग्य’ हे वाक्य आपल्याकडे फिरते आहे. १९६७ साली पीटर इंगरमन यांनी एका संगणकविषयक नियतकालिकाला पत्र लिहून व्याकरण मांडण्याच्या एका प्रसिद्ध पद्धतीला पाणिनीचे नाव जोडावे असे सुचवले होते. ती सूचना सभ्य आणि रास्त होती. पण त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने गो. वि. देवस्थळी यांचा पाणिनीच्या अनुबंधांवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याचे नाव या उत्साहात क्वचित ऐकू येते. कोणती खूण कुठे आली, तिने काय काम केले, हे एकेक करून पाहण्याचे कष्ट त्यात आहेत. पाणिनीचा गौरव करायचा तर त्याच्या चुकलेल्या निवडीसकट करायला हवा. अनुनासिकाची आणि स्वरिताची निवड, टिकण्याच्या दृष्टीने, चुकली.

या कथेचा एक उत्तरार्ध सांताक्रूझच्या शेजारी, जुहूला घडला. तेथे १९८५ मध्ये राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र म्हणजे एनसीएसटी ही संस्था सुरू झाली. पुढे ती सी-डॅकमध्ये विलीन झाली. कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी तेथे काम करत. संगणकावर देवनागरी वाचणाऱ्या अनेकांच्या ओळखीचा मंगल हा टंक त्यांचा. वैदिक स्वरचिन्हांच्या संगणकीय संकेतनावरही त्यांनी परिश्रम घेतले. ते २००८ मध्ये गेले. २००९ च्या युनिकोड आवृत्तीत वैदिक चिन्हांचा स्वतंत्र विभाग आला. अक्षरावरची उभी रेघ मात्र युनिकोडच्या देवनागरी विभागात त्याआधीपासून आहे. ऋग्वेदाच्या प्रचलित लेखनात ती स्वरित दाखवते, पण युनिकोडमध्ये तिचे अधिकृत नाव ‘उदात्त’ असे पडले आहे. एकदा दिलेले नाव बदलायचे नाही असा तेथील नियम असल्याने शेजारी खुलासा छापून काम भागवले जाते. येथेही अखेर व्याख्यानच!

स्वरिताचे चिन्ह आज प्रत्येक संगणकात आहे. अष्टाध्यायीतली नेमकी कोणती पदे पाणिनीने स्वरित उच्चारली होती, हे कळले तर ती खूण आपण क्षणात करू शकू. पण ते कळायला मार्ग उरलेला नाही. कालिन्यातला विद्यार्थी अधिकार कुठे संपतो हे आजही टीकेवरून आणि शिक्षकांच्या तोंडून शिकतो. कावळा उडाला, तरी ती जागा पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी लक्षात ठेवली. सीप्झमध्ये कॉमेंटच्या भरवशावर खूण सोडणाऱ्याने एवढेच विचारावे, की आपल्या घराची जागा अशी कुणी लक्षात ठेवणार आहे काय?